गल्लीतल्या बदामाची पानगळ कशी बघावी: सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

हुरड्याच्या आगट्या पेटू लागल्या की आमच्या गल्लीतल्या देशी बदामाचं पहिलं पान लाल होतं. एकच पान. बाकी झाड हिरवंगार असतं आणि खालच्या एखाद्या फांदीच्या टोकाला तेवढं एक शेंदरी. मी जुळे सोलापुरात राहायला आले त्या वर्षी मला वाटलं, पानाला कीड लागलीय. आता डिसेंबर उजाडला की दूध आणायला जाताना माझी मान आपोआप वर जाते.

पानांचे रंग बघायला काश्मीर गाठायला हवं, असं आपण धरूनच चालतो. तिथला चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात अख्खाच्या अख्खा रंगतो. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात असं काही होत नाही, कारण सोलापूर भागात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. दिवाळीपर्यंत मातीत ओल टिकून असते आणि झाडांना पानं टाकायची गरज पडत नाही. पुढे हवा कोरडी होते, जमीन भेगाळते, रात्री गार पडतात, आणि मग झाड पाणी राखण्यासाठी जुनी पानं सोडायला लागतं. म्हणजे आपले रंग शरदात येत नाहीत, हेमंतात सुरू होतात आणि शिशिरात भरात येतात. शिवाय बदामाचं झाड एकदम रंगत नाही. एकाच वेळी त्याच्यावर हिरवं, पिवळं, लाल पान आणि रिकामी फांदी असं सगळं असतं. म्हणून एकदाच जाऊन बघून आलो, असं इथे चालत नाही. एक झाड धरायचं आणि दोन-अडीच महिने त्याच्याकडे रोज जायचं. ते कसं, ते पुढे सांगते.

झाड घरापासून शंभर पावलांत हवं

सर्वांत सुंदर झाड शोधू नका. रोज जाता येईल असं शोधा. भाजीच्या, रिक्षा स्टॉपच्या किंवा मुलांच्या शाळेच्या वाटेवरचं झाड उत्तम. विजापूर रोडच्या टोकाला फार देखणं झाड आहे म्हणून ते निवडलंत, तर तिसऱ्या दिवशी जाणं बंद होईल. माझं तसंच झालं होतं.

सोलापुरात देशी बदाम कॉलन्यांच्या कोपऱ्यांवर, शाळांच्या मैदानांत, देवळांच्या आवारात आणि जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी हमखास सापडतो. निवडताना तीन गोष्टी बघा. खालची एखादी तरी फांदी डोळ्यांच्या उंचीच्या आसपास हवी. झाडाच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला उभं राहायला मोकळी जागा हवी. आणि झाडाला ऊन मिळत असावं. दोन इमारतींच्या बोळात सावलीत वाढलेल्या झाडाची पानं बरेचदा पिवळी-तपकिरी होऊन गळतात, लाल फारशी होत नाहीत. याचं कारण पुढे येईल.

ओळख पक्की करा

बदामाची ठेवण लांबूनच कळते. सरळ खोडातून फांद्या ठरावीक अंतरावर चक्रासारख्या आडव्या फुटतात, त्यामुळे झाडाला मजले असल्यासारखं दिसतं. पानं फांदीभर नसतात, टोकाला झुबक्यानं असतात. पान वीतभर किंवा त्याहून मोठं, चामड्यासारखं जाड, देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद. पान उलटं करून देठाजवळ मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बघा. दोन बारीक ग्रंथी दिसतील, टाचणीच्या डोक्याएवढ्या. त्या दिसल्या की शंका उरत नाही.

या झाडाचं शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया कटाप्पा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ते १७६७ साली दिलं. पानं फांदीच्या टोकाला येतात म्हणून टर्मिनॅलिया, आणि कटाप्पा हा शब्द आला मलय भाषेतल्या 'केतापांग'वरून. मूळचं हे समुद्रकाठचं झाड आहे. त्याचं फळ पाण्यावर तरंगतं आणि लाटांबरोबर दूरच्या किनाऱ्याला लागून तिथे रुजतं. समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या या कोरड्या काळ्या मातीत ते मोरीच्या आणि टाकीच्या सांडपाण्यावर उभं राहिलंय, हे कळल्यापासून मला त्या झाडाबद्दल आणखीच माया वाटते. खिरीत घालतो त्या बदामाशी याचं नातं नाही, तो गुलाबाच्या कुळातला. पण याचीही बी खाता येते. लहानपणी दगडानं फळ ठेचून आतली बारीक गुंडाळी काढून खाल्ली नाही, असा माणूस सोलापुरात विरळा.

एक फांदी, एक झुबका, एक दोरा

हे सगळ्यांत महत्त्वाचं. अख्ख्या झाडाकडे बघत राहिलात तर आठवड्यानं तुम्हाला एवढंच सांगता येईल की 'जरा लाल झालंय'. त्यापेक्षा हाताला येणारी एक फांदी निवडा, तिच्या टोकाचा एक झुबका ठरवा आणि खुणेसाठी सुती दोरा बांधा. आपल्या गावात लूमवरचं सूत कुठेही मिळतं. एखादा पांढरा तुकडा घ्या आणि दोन बोटं आत जातील इतका सैल बांधा. तार, प्लॅस्टिकची पट्टी, रबर नको. खिळा तर नकोच. पाट्या ठोकून ठोकून आपल्या रस्त्यांवरच्या झाडांच्या साली फाटलेल्या आहेत, त्यात आपली भर नको.

मग झुबक्यातली पानं मोजा. माझ्या झुबक्यात गेल्या वर्षी चौदा होती. देठाच्या बाजूचं, म्हणजे सगळ्यांत खालचं पान एक नंबर, टोकाचं कोवळं पान शेवटचं. रंग बहुतेक वेळा एक नंबरपासून चढतो, कारण खालचं पान जुनं असतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की तुम्ही आदल्या दिवशीच सांगाल, उद्या कोणतं पान फिरणार.

कधी सुरू करायचं

मार्गशीर्ष लागला की दोरा बांधून तयार राहा. आमच्या झाडावर पहिला लाल डाग डिसेंबरात दिसतो. संक्रांतीला, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते आणि नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात, तेव्हा निम्मं झाड रंगलेलं असतं. यात्रेवरून रात्री परतताना रस्त्याच्या दिव्याखाली मी त्याला दर वर्षी थांबून बघते. महाशिवरात्रीच्या आसपास फांद्या रित्या होतात आणि बघता बघता नवी पालवी फुटते.

तुमचं झाड याच तारखा पाळेल असं नाही. शेजारशेजारच्या दोन बदामांत पंधरा-वीस दिवसांचा फरक मी पाहिला आहे. ज्याच्या मुळाशी नळाचं पाणी झिरपतं, तो उशिरा रंगतो. काही झाडं वर्षातून दोनदाही पानं टाकतात. म्हणून कॅलेंडरपेक्षा झुबक्यावर नजर ठेवा.

उजेड कुठून येतोय ते आधी बघा

बहुतेक लोक झाडाखाली उभे राहून वर बघतात आणि 'छान' म्हणून निघून जातात. त्यांना निम्माच रंग दिसलेला असतो. लाल पान दोन तऱ्हांनी दिसतं. ऊन तुमच्या पाठीमागून पानावर पडत असेल तर पानाचा वरचा पृष्ठभाग दिसतो. तो जाड, चकचकीत, विटकरी असतो, तेल लावलेल्या चामड्यासारखा. तेच ऊन पानाच्या मागून आलं तर पान आरपार पेटतं. शिरा पिवळ्या दिसतात आणि मधला भाग काचेच्या बांगडीसारखा लाल. माझ्या मते बदाम बघायचा तो असाच, मागून येणाऱ्या उजेडात.

जानेवारीच्या मध्याला सोलापुरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला मावळतो. दिवसभर तो दक्षिणेला कललेला असतो, भर दुपारीसुद्धा थेट डोक्यावर येत नाही. याचा उपयोग असा करायचा: सकाळी साडेसात ते साडेआठ झाडाच्या पश्चिमेला उभं राहा आणि पूर्वेकडे तोंड करा. झाड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आलं पाहिजे. संध्याकाळी पाच ते पावणेसहा उलट, झाडाच्या पूर्वेला जा. सुट्टीच्या दिवशी दुपारी वेळ मिळाला तर झाडाच्या उत्तरेला उभं राहिलात की काम होतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही. तो खोडाच्या किंवा जाड फांदीच्या आड येईल अशी दोन पावलं इकडे-तिकडे सरका.

आमच्या ओळखीतले एक काका आयुष्यभर सूत रंगवण्याच्या कामात होते. पूर्वभागात राहतात, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. एकदा मी त्यांना लाल पान दाखवलं तर त्यांनी ते आधी दाराच्या आत नेलं, सावलीत धरलं, मग अंगणात उन्हात, आणि पुन्हा आत. म्हणाले, "रंग एका जागी बघून सांगायचा नसतो बाई. सावलीत एक असतो, उन्हात दुसरा." तेव्हापासून मी ढगाळ दिवस वाया गेला असं मानत नाही. आभाळ भरलेलं असलं की लाल मऊ होतो आणि त्यातला जांभळा वर येतो. उन्हात तो कधीच दिसत नाही.

आणखी एक, धुळीचं. आपल्याकडे जानेवारीत पानांवर धुळीचा थर बसतो आणि रंग मळतो. पाणी आलेल्या दिवशी निवडलेल्या झुबक्यावर तांब्याभर पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा आणि बघा. अवकाळी पावसाची सर आली तर हातातलं काम टाकून बाहेर पडा.

पान जवळून वाचा

आता हिरव्याचं लाल कसं होतं ते समजून घेऊ, कारण हे कळल्यावर बघणंच बदलतं.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. पान म्हातारं होऊ लागलं की हरितद्रव्य मोडीत निघतं आणि पानातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन झाड फांदीकडे परत ओढून घेतं. शेतकरी घर सोडताना दारं-खिडक्या काढून नेतो, तसंच हे. हिरवं गेल्यावर आधीपासून पानात असलेली पिवळी द्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइड, उघडी पडतात. पिवळा रंग नवा येत नाही, तो झाकलेला असतो. लाल मात्र नवा तयार होतो. अँथोसायनिन नावाचं द्रव्य पान याच काळात, पानात उरलेल्या साखरेपासून बनवतं, आणि त्याला ऊन लागतं. झाड आपला ऐवज मागे घेत असताना दुबळ्या झालेल्या पानाला उन्हाचा मारा सोसावा म्हणून ही लाली असते, असं एक स्पष्टीकरण वनस्पतिशास्त्रज्ञ देतात. सावलीतल्या झाडाची पानं पिवळी-तपकिरी राहतात ती यामुळेच.

हे डोळ्यांनी बघता येतं. गेल्या जानेवारीत माझ्या झुबक्यातलं तिसरं पान जवळजवळ पूर्ण लाल झालं होतं, पण मधोमध एक पिवळट-हिरवा पट्टा होता. कडा इतकी स्वच्छ, जणू कात्रीनं कापलेली. मी बराच वेळ विचार करत होते, रोग असेल का. मग वाऱ्यानं वरचं चौथं पान हललं आणि नेमकं त्या पट्ट्यावर येऊन टेकलं. चौथ्या पानाची सावली तिसऱ्यावर रोज तिथेच पडत होती. ऊन लागलं तिथे लाल, सावली होती तिथे हिरवट-पिवळं. तुमच्याही झाडावर एकावर एक टेकलेली पानं शोधा. वरचं पान बोटानं अलगद उचला आणि खाली बघा.

पुढच्या खेपेला शिरांकडे लक्ष द्या. मधल्या शिरेच्या कडेनं हिरवं सगळ्यांत शेवटी जातं. पान लाल होऊनसुद्धा शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक हिरवी रेघ दिसते, कारण माल बाहेर नेणारी वाट तीच. ती रेघ पुसली गेली की पान दोन-चार दिवसांचं सोबती असतं. देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर तयार होत असतो, तिथून ते सुटतं. अशा वेळी पानाला बोट लावून बघा, ओढू नका. नुसत्या स्पर्शानं ते हातात आलं तर समजा वेळ झाली होती. फांदीवर मागे वाटोळा व्रण राहतो, कोरडा आणि स्वच्छ. झाडानं ती जागा आधीच बंद करून ठेवलेली असते.

बदामाचं पान पडतानाचा आवाजही ऐकण्यासारखा आहे. कडुनिंबाची पानं बिनआवाज पडतात. बदामाचं जड पान वाऱ्यावर दोन गिरक्या घेऊन सिमेंटवर टपकन पडतं, आणि सकाळच्या शांततेत ते घरात ऐकू येतं.

रंगाला नाव द्या

'लाल' एवढं लिहून पुढे जाऊ नका. साड्यांच्या दुकानात बायका जे शब्द वापरतात ते सगळे इथे कामाला येतात: हळदी, आंबा, अबोली, शेंदरी, डाळिंबी, किरमिजी, विटकरी, वांगी, काथ्या. एकच पान हळदीपासून काथ्यापर्यंत जाताना मधले पाच-सहा रंग दाखवतं. नाव शोधताना डोळा पानावर जास्त वेळ थांबतो, हाच त्याचा फायदा. मुलांना घेऊन बसलात तर आणखी चांगलं. माझ्या भाचीनं एका पानाला 'शेंगाचटणी' हे नाव दिलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

वही आणि फोटो

रोज दोन मिनिटं पुरतात. तारीख, वेळ, झुबक्यात हिरवी किती, रंगलेली किती, गळलेली किती, ऊन की ढग, वारा कसा. इतकंच. फार रकाने केलेत तर वही आठवड्यात बंद पडते.

फोटो काढायचा तर जागा पक्की करा. मी समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं फुली मारून ठेवते आणि तिथेच टेकून मोबाइल धरते. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी. पडद्यावर सगळ्यांत लाल पानावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा, नाहीतर लाल भाग नुसता सपाट डाग होतो, शिरा दिसत नाहीत. रंग भडक करणारे फिल्टर लावू नका. दोन महिन्यांनी साठ फोटो एकामागून एक सरकवून बघा, झाडानं श्वास सोडावा तशी पानं कमी होत जाताना दिसतात.

नोंदी कुणाच्या कामी याव्यात असं वाटत असेल तर 'सीझनवॉच' नावाचा देशव्यापी उपक्रम आहे. त्यात सामान्य माणसं एकाच झाडाची पानं, फुलं, फळं दर आठवड्याला बघून कळवतात.

घरी नेलेलं पान

झाडावरचं तोडू नका. सकाळी झाडायच्या आधी गेलात तर खाली ताजी, डाग न पडलेली पानं मिळतात. बदामाचं पान जाड आणि रसदार असतं, त्यामुळे नुसतं वहीत ठेवलं तर त्याला बुरशी येते. दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राचे तीन-चार पदर द्या, वर वजन ठेवा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. वजनाला आमच्याकडे घडी घातलेल्या चादरींची चळत असते. ट्रंकेत दहा-बारा सोलापुरी चादरी एकावर एक असतात, त्यांच्या तळाशी पानं ठेवली की दोन-तीन आठवड्यांत सपाट होतात. उजेडात ठेवलेलं पान लवकर तपकिरी पडतं, तेव्हा पाकिटात घालून कपाटात ठेवा.

मुलांसाठी एक सोपा प्रयोग. एक लाल पान आणि एक हिरवं पान वेगवेगळं बारीक चिरून खलबत्त्यात वाटा, दोन काचेच्या पेल्यांत घाला आणि औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट जेमतेम बुडेल इतकं ओता. वर झाकण ठेवा. अर्ध्या तासानं टीपकागदाची पट्टी टोक बुडेल अशी लटकवा. रंग कागदावर चढत जातात आणि वेगळे होतात. हिरव्या पानाच्या पट्टीवर हिरव्याच्या वर पिवळी रेघ दिसली की झाकलेला पिवळा म्हणजे काय, ते मुलांना सांगावं लागत नाही. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस, उदबत्ती, निरांजन यांपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा, आणि ते खलबत्ता-पेले पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका.

शेजारी, झाडू आणि छाटणी

या भागावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण झाड शिल्लक राहिलं तरच बाकीचं सगळं.

आमच्या समोरच्या काकू रोज सकाळी अंगण झाडतात. एका जानेवारीत त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, पानं काढून काढून कंबर मोडली माझी. तोडूनच टाकायला सांगते आता." त्यांचं चुकत नव्हतं. बदामाचं पान मोठं, गटार तुंबवतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात. मी त्यांना म्हटलं, "काकू, शिवरात्रीपर्यंत तुमच्या दारापुढचं मी झाडते." त्या हो म्हणाल्या. झाडाचं कौतुक ऐकवून त्यांचं मन वळलं नसतं, झाडू हातात घेतल्यावर वळलं. तुमच्या झाडाखाली कुणाचं दार असेल तर रंग चढायच्या आधीच जाऊन बोला.

गोळा केलेली पानं जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या नियमांत मनाई आहे, आणि थंडीत तो धूर गल्लीतच खाली बसतो, दमेकऱ्यांचे हाल होतात. पानं हातानं चुरून किंवा तुकडे करून जुन्या ड्रममध्ये किंवा गोणीत भरा, अधूनमधून ओल्या भाजीकचऱ्याचा थर द्या, थोडं ताक किंवा शेणपाणी शिंपडा. बदामाचं पान चिवट असल्यानं अख्खं टाकलं तर महिनोन्महिने तसंच राहतं, तुकडे केलेलं चार-सहा महिन्यांत खत होतं. काही पानं झाडाच्याच आळ्यात पसरा, उन्हाळ्यात ओल टिकते. मासे पाळणारे लोक वाळलेली बदामाची पानं टाकीत घालायला शोधत असतात. पानांतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळे पाणी चहासारखं होतं आणि फायटर माशांना ते मानवतं. ओळखीत कुणी असेल तर पिशवीभर देऊन टाका.

छाटणीचं दुःख मला आहे. एका वर्षी ऐन संक्रांतीच्या आठवड्यात तारांना लागणाऱ्या फांद्या कापायला माणसं आली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर दोरा बांधलेली फांदी ट्रॉलीत पडली होती, आठ लाल पानं तशीच तिच्यावर. तेव्हापासून मी तारेखालची फांदी निवडत नाही, आणि पावसाळा संपला की गल्लीत विचारून ठेवते, छाटणी कधी आहे, किती आहे. शहरात अख्खं झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कुणी कुऱ्हाड घेऊन आलं तर शांतपणे परवानगीचा कागद बघायला मागा.

राहिलं पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आपण आधीचं साठवलेलं 'शिळं' पाणी ओतून देतो. ते मोरीत न ओतता झाडाच्या आळ्यात ओता. फेब्रुवारीत, झाड रितं असताना, याचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले असतील तर निदान हातभर कडं मोकळं करून घ्या.

जवळ बदाम नसेल तर

कडुनिंब तर प्रत्येक गल्लीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं पिवळी पडून वाऱ्याबरोबर झडतात आणि गुढीपाडव्याला तुम्ही जो कोवळा तांबूस पाला आणता, तो त्याच झाडाचा नवा रंग. पिंपळाची नवी पालवीही गुलाबी-तांबडी असते, सकाळच्या उजेडात तिच्यातून आरपार दिसतं. जाणाऱ्या पानाची लाली आणि येणाऱ्या पानाची लाली, दोन्हीमागे तेच अँथोसायनिन. उजेडाची आणि दोऱ्याची रीत सगळीकडे तीच.

शेवटचं काम

शेवटचं पान गळालं की वही बंद करू नका. झुबका होता त्या टोकाला फुगीर कळी असते. ती बोटानं चाचपून ठेवा. आठ-पंधरा दिवसांत ती उकलते आणि तळहाताएवढी चकचकीत पोपटी पानं एकदम वर उभी राहतात, त्यांच्यावर बारीक लव असते. बोट फिरवलं की जाणवते. पहिलं पान उलगडल्याची तारीख लिहा, आणि त्याच दिवशी दोरा सोडा. नव्या पाल्याबरोबर फांदी जाड व्हायला लागते, आणि विसरलेला दोरा पुढच्या हिवाळ्यापर्यंत सालीत रुतलेला असतो.